घर पुढे, गाडी मागे

अमेरिकेतल्या हायवेवर पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाला दोन गोष्टी खऱ्या वाटत नाहीत. पहिली, कुणीच हॉर्न वाजवत नाही. दुसरी, एका भल्याथोरल्या बसच्या मागे पाच-सहा फुटांवर एक छोटी मोटार ताशी शंभर किलोमीटरने धावत असते आणि तिच्यात चिटपाखरूही नसतं. बस वळली की मोटार वळते. स्टिअरिंग आपलं आपण फिरतं. बसने ब्रेक मारला की मोटारीचेही मागचे लाल दिवे लागतात. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा खिडकीला नाक लावून विचारतात, "बिनड्रायव्हरच्या गाड्या आल्या म्हणतात, त्या याच का रे?" मुलगा सांगतो, "बाबा, ती चालत नाहीये. तिला ओढतायत." आजोबांचा चेहरा पडतो. ओढून न्यायच्या गाड्या त्यांनी देशात पुष्कळ पाहिलेल्या असतात. दोराने, साखळीने, प्रसंगी बायकोच्या जुन्या नऊवारीने. त्या बघायला एवढा विमानप्रवास करायची गरज नव्हती.

पण देशात गाडी ओढतात ती बिघडली म्हणून. इथे ओढली जाणारी गाडी धडधाकट असते, तिची टाकी भरलेली असते, ती नुकतीच धुतलेली असते. आणि ती नीट ओढता यावी म्हणून माणसं जेवढी अक्कल, जेवढा पैसा आणि जेवढी घरातली शांतता खर्च करतात, तेवढी आपल्याकडे बिघडलेली गाडी दुरुस्त करायलासुद्धा लागत नाही.

पुढची ती बस म्हणजे मोटरहोम. चाकांवरचं घर. माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, ॲरिझोनात फीनिक्सला असतात. दाजी निवृत्त झाले आणि त्यांनी असलं एक छत्तीस फुटी घर घेतलं. आत पलंग, सोफा, फ्रिज, शेगडी, न्हाणी, संडास. बटण दाबलं की भिंत बाहेर सरकते आणि दिवाणखाना रुंद होतो. ताईने मायक्रोवेव्हच्या वरच्या कपाटात देव बसवले आणि वळणावर पडू नयेत म्हणून त्यांना मागून चिकटपट्टी लावली. लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर जाणारी ही वास्तू चालवायला दाजींना वेगळी परीक्षा द्यावी लागली नाही. मोटारीचं साधं लायसन पुरलं. ज्या माणसाला पुण्यात लूनाच्या लायसनसाठी आठचा आकडा काढून दाखवावा लागला होता, त्याला अमेरिकेने एसटीएवढं वाहन नुसतं सही घेऊन दिलं.

"आता आपण मोकळे," दाजी म्हणाले. "वाटेल तिथे जायचं, वाटेल तिथे थांबायचं."

जायचं खरं. थांबायचंही खरं. अडचण थांबल्यानंतरची होती. कॅम्पग्राउंडवर पोचलं की आधी घराचे पाय खाली सोडून ते सपाट करायचं, नाहीतर आमटी एका बाजूला जमते. मग विजेची जाड केबल लावायची, पाण्याचा पाइप लावायचा, मैल्याचा पाइप (हातमोजे घालून) लावायचा, भिंती बाहेर काढायच्या, छत उघडायचं, खुर्च्या मांडायच्या. तासाभराने दाजी खुर्चीत टेकतात, पाय लांब करतात, आणि आतून आवाज येतो, "अहो, कोथिंबीर संपलीय."

कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी आता खुर्च्या मिटायच्या, छत गुंडाळायचं, भिंती आत घ्यायच्या, केबल आणि दोन्ही पाइप सोडवायचे, पाय वर उचलायचे आणि घर घेऊन भाजीला जायचं. तिथे पार्किंगमध्ये बारा मोटारींची जागा अडवायची. परत येऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून.

अमेरिकन माणसाची कोथिंबीर वेगळी असते, बर्फ किंवा बिअर, पण दुखणं हेच. शिवाय मोठ्या घराला कित्येक ठिकाणी प्रवेशच नाही. मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये 'गोइंग-टु-द-सन' नावाचा जो जगप्रसिद्ध घाटरस्ता आहे, त्याच्या मधल्या मुख्य टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा आरसे धरून ८ फुटांहून रुंद वाहनाला बंदी आहे. म्हणजे दीड-दोन हजार किलोमीटर घर हाकत न्यायचं आणि ज्यासाठी नेलं ते बघायची वेळ आली की घराला सांगायचं, तू इथेच थांब. मग बघायला जायचं कशात? म्हणून मागे मोटार.

मोटार मागे न्यायच्या तीन तऱ्हा आहेत. एक, ती आख्खी ट्रेलरवर चढवायची. दुसरी, पुढची दोन चाकं एका दोन चाकांच्या गाड्यावर ठेवायची आणि मागची दोन रस्त्यावर. या दोन्हींत मुक्कामाला पोचल्यावर तो रिकामा ट्रेलर किंवा गाडा ठेवायचा कुठे हा नवा संसार मागे लागतो. तिसरी तऱ्हा सर्वांत सुटसुटीत, आणि म्हणूनच सर्वांत भानगडीची: चारही चाकं जमिनीवर ठेवायची, मोटारीच्या नाकाला आणि बसच्या शेपटाला मधे एक लोखंडी त्रिकोणी दांडा जोडायचा आणि निघायचं. हे फ्लॅट टोइंग.

दाजींचा बेत साधा होता. दारात टोयोटा उभी होती, पंधरा वर्षांत एकदाही न रुसलेली. तीच मागे बांधू. गिअर न्यूट्रलला टाकला की झालं.

इथे मला थोडं इंजिनाच्या पोटात शिरावं लागेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला सतत तेल लागतं, आणि ते तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. मोटार ओढताना इंजिन बंद. म्हणजे पंप बंद. पण चाकं तर फिरताहेत, आणि चाकांना जोडलेले गिअरबॉक्सातले भागही फिरताहेत. कोरडे. तासाभरात ते तापतात, दुसऱ्या तासाला जळतात, आणि दाजींच्या टोयोटेत अगदी असंच झालं असतं. न्यूट्रल म्हणजे इंजिनाशी काडीमोड. चाकांशी लागलेलं लग्न तसंच राहतं. हाताने गिअर टाकायच्या बऱ्याच मोटारींना हा त्रास होत नाही, कारण त्यांच्या डब्यातलं तेल फिरणाऱ्या चाकांनीच उडत राहतं. पण हाताने गिअर टाकायची मोटार अमेरिकेत शोधणं म्हणजे पुण्यात दुपारी दोन वाजता उघडं दुकान शोधणं.

कोणती मोटार चारी पायांवर ओढून चालते आणि कोणती नाही, हे ठरवणारा एकच ग्रंथ आहे. त्या त्या मोटारीसोबत मिळणारं मॅन्युअल. त्यात 'रिक्रिएशनल टोइंग' नावाचं एक पान असतं. जगातल्या एरवीच्या मोटारवाल्यांनी ते पान कधी उघडलेलं नसतं, आणि मोटरहोमवाल्यांनी दुसरं कुठलं पान उघडलेलं नसतं. हे लोक मोटार घ्यायला शोरूममध्ये जातात तेव्हा रंग विचारत नाहीत, किंमत विचारत नाहीत. कप्प्यातलं मॅन्युअल काढतात, ते पान वाचतात आणि बहुतेक वेळा मान हलवून निघून जातात. सेल्समनला विचारण्यात अर्थ नसतो. दाजींनी एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, "अगदी बिनधास्त ओढा, माझे काका ओढतात." दाजींनी मॅन्युअल उघडलं. त्यात ठळक अक्षरांत 'नाही' लिहिलं होतं. सेल्समन म्हणाला, काकांचं मॉडेल वेगळं असेल. मला वाटतं, काकाच वेगळे असावेत.

ओढून चालणाऱ्या मोटारींची एक वेगळीच कुळी आहे. तिच्यात मोटारीची प्रतिष्ठा आणि मागे चालण्याची लायकी यांचा काही संबंध नाही. जीप रँग्लर हा त्यातला राजा, कारण तिच्या चारही चाकांना ताकद वाटणारी जी वेगळी पेटी असते, ती स्वतंत्रपणे न्यूट्रलला टाकता येते. मग गिअरबॉक्सापर्यंत फिरणं पोचतच नाही. जनरल मोटर्सची सॅटर्न ही कंपनी २०१० साली बंद पडली, पण तिच्या मोटारी पुढे कित्येक वर्षं मोटरहोमांच्या मागून अमेरिका बघत हिंडत होत्या. आणि ऐंशीच्या दशकापासून या कामाची एक लाडकी होती सुझुकी सामुराई, हलकी आणि कुरकुर न करणारी. ही सामुराई म्हणजे आपल्या मारुती जिप्सीची सख्खी बहीण. दोघींनी १९८५ सालीच आपापल्या देशात पाऊल ठेवलं. आपल्याकडची बहीण पोलिसांत लागली आणि दिवा फिरवत मंत्र्यांच्या ताफ्याच्या पुढे धावू लागली. अमेरिकेतली बहीण निवृत्त जोडप्यांच्या संडासाच्या टाकीमागे बांधली गेली. नशीब म्हणतात ते हेच.

दाजींना अखेर होंडाची जुनी सीआर-व्ही मिळाली, २०१५ च्या आधीची. हे 'आधीची' फार महत्त्वाचं. त्या काळातल्या होंडाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतून पुष्कळसा हाताच्या गिअरबॉक्सच्या धर्तीवर बांधलेला असे, त्यामुळे तो ओढणं सहन करी. २०१५ साली कंपनीने नव्या पद्धतीचा गिअरबॉक्स घातला आणि मॅन्युअलमधलं ते पान फिरलं. तेव्हापासून या जमातीत २०१४ ची सीआर-व्ही असं म्हणताना लोकांचा आवाज थोडा खाली येतो.

पण होंडा ओढायला परवानगी देते ती अटींवर. रोज निघताना एक विधी करावा लागतो. इंजिन सुरू करायचं. ब्रेक दाबून धरायचा. गिअरचा दांडा एकेका खुणेवरून सावकाश शेवटपर्यंत फिरवायचा. मग 'डी'वर आणून पाच सेकंद थांबायचं. तिथून न्यूट्रल. आता इंजिन तीन मिनिटं तसंच चालू ठेवायचं, म्हणजे आत सगळीकडे तेल पोचतं. मग इंजिन बंद, पण किल्ली काढायची नाही; काढली तर स्टिअरिंगला कुलूप लागतं आणि मोटार वळणावर सरळ जायला बघते. किल्ली राहिली तर बॅटरी उतरते, म्हणून एक फ्यूज काढून खिशात ठेवायचा. हँडब्रेक सोडायचा. आणि ताशी ६५ मैलांच्या वर जायचं नाही.

तीन मिनिटं मोजायला दाजी घड्याळ लावतात. ताई लावत नाही. ती मारुतिस्तोत्र म्हणते. तिचं म्हणणं, तीन मिनिटंही होतात आणि पुढच्या प्रवासाचीही सोय होते. दोघांच्या मोजण्यात कधी दहा-पंधरा सेकंदांचा फरक पडला, तर इंजिन ताईच्या वेळेनुसार बंद होतं.

ब्रेकची कथा निराळी. दीड टनाची मोटार मागून रेटत असताना पुढच्या घराला थांबायला जास्त अंतर लागतं, हे उघड आहे. म्हणून मागच्या मोटारीला स्वतःचा ब्रेक लागायला हवा. अनेक राज्यांत ३००० पौंडांच्या पुढे तसा कायदाच आहे. मग मोटारीत ड्रायव्हरच्या पायांच्या जागी एक पेटी ठेवतात. तिला एक लोखंडी हात असतो आणि तो ब्रेकच्या पॅडलला घट्ट धरून बसतो. घराचा वेग कमी झालेला पेटीला कळतो आणि ती ब्रेक दाबते. म्हणजे आजोबांना जो बिनड्रायव्हरचा प्रकार वाटला होता, त्यात ड्रायव्हर असतो. फक्त त्याला डोकं नसतं. वर एक बारीक तार घराला बांधलेली असते. दांडा तुटून मोटार सुटलीच, तर तार खेचली जाते आणि पेटी सगळा जोर लावून ब्रेक आवळते. दांडा, मोटारीच्या सांगाड्याला बसवायची बेसप्लेट, ही पेटी, साखळ्या, दिव्यांच्या तारा आणि मजुरी मिळून चार हजार डॉलरच्या आसपास सहज जातात. दाजींची जुनी होंडा त्याहून फार महाग नव्हती.

एवढं सगळं जोडल्यावर दिव्यांची तपासणी. दाजी पुढे स्टिअरिंगवर, ताई मागे मोटारीच्या पाठीशी, मधे पन्नासेक फूट. पूर्वी ती दोघं ओरडून बोलत. एका कॅम्पग्राउंडवर शेजारच्या बाईंनी, सगळं ठीक आहे ना, मदत बोलावू का, असं काळजीने विचारलं तेव्हापासून फोनवर बोलतात.

"डावा लागला का गं?"

"लागला."

"उजवा?"

"लागला."

"ब्रेक?"

"लागला."

"अगं, मी अजून दाबलाच नाहीये."

"मग कशाला विचारता?"

आता या सगळ्या प्रकरणातली खरी गोम. ती कुणी मॅन्युअलच्या पहिल्या पानावर छापत नाही, आणि ज्याने त्याने स्वतःच्या मानेने शिकायची असते. असं जोडलेलं वाहन मागे घेता येत नाही.

थोडं मागे घेता येतं का? नाही. अगदी हळू? नाही. कारण मोटारीची पुढची चाकं मोकळी आहेत. पुढे ओढलं तर ती आपोआप ओढीच्या दिशेला वळतात, म्हणून तर वळणावर मोटार एवढी शहाण्यासारखी मागे येते. पण मागे ढकललं की तीच चाकं उलटी फिरून पार आडवी होतात, मोटार एका कुशीवर वळून रुतते आणि मधला दांडा वाकायला लागतो. सात-आठ फुटांच्या पुढे कुणाचीही हुशारी चालत नाही. मागे जायचं असेल तर एकच मार्ग: खाली उतरा, मोटार सोडवा, ती बाजूला न्या, घर मागे घ्या, वळवा, पुन्हा जोडा, मारुतिस्तोत्र म्हणा, निघा.

त्यामुळे या लोकांची रस्त्याकडे बघायची दृष्टीच बदलून जाते. तुम्ही-आम्ही हॉटेलात शिरताना जेवण कसं असेल बघतो. दाजी बघतात बाहेर पडायचा रस्ता दुसरीकडून आहे की नाही. पेट्रोलपंप दिसला की त्याचा भाव त्यांना दिसत नाही. पंपाच्या खांबांमधलं अंतर, छपराची उंची आणि पलीकडच्या फाटकाची रुंदी दिसते. 'पुढे रस्ता बंद' ही पाटी आपल्याला चिडवते. त्यांना ती रात्री स्वप्नात येते. ट्रकवाल्यांच्या मोठ्या पंपांवर सरळ आत शिरून सरळ बाहेर पडायच्या लांब मार्गिका असतात, आणि अशी एखादी दिसली की दाजींच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते मी ताईच्या लग्नातल्या फोटोतही पाहिलेलं नाही.

मी बरोबर असताना एका छोट्या गावात आम्ही असेच आत शिरलो. फाटक दिसत होतं. दाजींनी अंतर डोळ्यांनी मोजलं, ताईने होकार दिला. अर्ध्यात गेलो आणि पलीकडच्या फाटकात तेलाचा टँकर येऊन उभा राहिला. त्याला पंपाच्या टाक्या भरायच्या होत्या. किती वेळ, असं विचारलं तर ड्रायव्हरने हसून खांदे उडवले. मागे जाता येईना, पुढे जाता येईना, आणि आमच्या पंचावन्न फुटांनी चारही पंप अडवलेले. "सोडवू," दाजी म्हणाले.

पण आम्ही वळणावर उभे होतो. वळणावर उभं राहिलं की दांड्यावर ताण असतो, आणि ताण असला की त्यातली पिन निघत नाही. दाजींनी ओढून बघितली. मी ओढून बघितली. मागे चार मोटारींची रांग लागली होती आणि देशात असतं तर एव्हाना प्रत्येक मोटारीतून एक सल्ला उतरला असता. इथे सगळे आत बसून शांतपणे वाट बघत होते. ते जास्त भयंकर. शेवटी एक टोपीवाला शेतकरी आपल्या पिकअपमधून उतरला, एक शब्द न बोलता हातोडा आणला, दोन घाव घातले, पिन उडाली, हातोडा उचलला आणि गेला. ताई तेवढ्यात आत जाऊन कॉफी घेऊन आली होती. त्याला द्यायला म्हणून आणलेली कॉफी मीच प्यायलो. वळणावरही पिन अडकू नये असा सुधारित दांडा बाजारात मिळतो, हे दाजींना त्याआधीही माहीत होतं. तो शंभरेक डॉलरनी महाग पडतो म्हणून घेतला नव्हता. तो दोन दिवसांत आला.

या जमातीत बसलं की असल्या गोष्टींचा खजिना उघडतो. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइट नावाचं एक वाळवंटातलं बारकं गाव आहे. उन्हाळ्यात तिथे फारसं कुणी फिरकत नाही, आणि जानेवारीत उत्तरेची थंडी चुकवायला आलेल्या मोटरहोमांनी आजूबाजूचं वाळवंट दिसेनासं होतं. संध्याकाळी शेकोट्या पेटतात आणि प्रत्येक शेकोटीभोवती एक तरी इसम असा असतो ज्याने मागची मोटार हँडब्रेक लावून ओढली होती. पुढच्या इंजिनाची ताकद एवढी अफाट असते की मागे चाकं फिरताहेत की घासताहेत ते पुढे कळतच नाही. टायरांचा धूर निघतो. बाजूने जाणारे लोक हात हलवून, बोटं दाखवून ओरडतात. पुढे बसलेलं निवृत्त जोडपं, माणसं किती चांगली आहेत या देशात, असं म्हणून उलट हात हलवतं.

जीपवाल्यांच्या गोष्टी याहून करुण. ताकद वाटणारी ती पेटी न्यूट्रलऐवजी चुकून 'लो'वर राहिली आणि गिअरही पडलेला असला, तर फिरणारी चाकं बंद इंजिनालाच गरगर फिरवू लागतात. लो गिअरमधला तो वेग इंजिनाला झेपण्यापलीकडचा असतो. काही मैलांत आतले भाग बाहेर येतात. गंमत अशी, की मोटार स्वतःहून जागची हललेली नसते. तिचा खून तिला कुणी न चालवता झालेला असतो. विमा कंपनीला हे समजावून सांगताना एका गृहस्थाला फार त्रास झाला, असं त्याने तीन शेकोट्यांवर सांगितलं.

हे लोक एकत्र येतातही फार लवकर. मोटरहोमवाल्यांची अमेरिकेत एक जुनी, मोठी संघटना आहे, फॅमिली मोटर कोच असोसिएशन या नावाने सुरू झालेली. ती कशी निघाली? जुलै १९६३ मध्ये खग्रास सूर्यग्रहण बघायला काही कुटुंबं आपापली चाकांवरची घरं घेऊन मेन राज्यातल्या हिंक्ली गावी जमली. खग्रास अवस्था बघता बघता संपली. मग उरलेल्या वेळात त्यांनी मंडळ काढलं. परक्या मुलखातल्या मराठी माणसांना यातली प्रेरणा समजावून सांगायला नको.

मोटारीची निवड मात्र दिवसेंदिवस अवघड होत चाललीय. हाताचे गिअर गेले, नव्या ऑटोमॅटिकांतल्या बहुतेकींचं ते पान 'नाही' म्हणतं. विजेवरच्या मोटारी आल्या. टेस्लाचं मॅन्युअल चाकं जमिनीवर ठेवून ओढायला साफ मनाई करतं, कारण चाकं फिरली की आतली मोटर वीज तयार करू लागते आणि तापते. आमच्या भाच्याला यात संधी दिसली. "म्हणजे ओढता ओढता फुकट चार्जिंग होईल की!" दाजींनी त्याला विचारलं, ही वीज येणार कुठून? चाकं फिरवण्यातून. चाकं फिरवणार कोण? पुढचं डिझेल. लिटरला तीन किलोमीटर देणाऱ्या इंजिनाकडून वीज विकत घ्यायची, याला फुकट म्हणायचं असेल तर मग सोसायटीचा जनरेटरही फुकट. भाचा इंजिनिअर आहे. त्याने विषय बदलला.

ताईचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. ती म्हणते, सहा चाकांचं घर घेतलं, कौतुक झालं, पूजा झाली. पण घराचे आपण फक्त चालक. राज्य मागचीचं. कोणत्या पंपावर जायचं ते ती ठरवते, कुठे वळायचं ते ती ठरवते, किती वेगाने जायचं ते होंडाच्या मॅन्युअलने तिच्या वतीने ठरवलेलं आहे. पुढे दाजींच्या समोर एक पडदा आहे आणि त्यावर मागच्या कॅमेऱ्यातून दिवसभर फक्त तीच दिसते. टायरची हवा कमी झाली की वाजणारी चार यंत्रं तिच्या चारही चाकांना बसवलीत. दाजींच्या स्वतःच्या रक्तदाबाचं यंत्र एकच आहे आणि तेही कपाटात. हे ऐकून दाजी म्हणतात, "अगं, तिला काही बोलता येत नाही म्हणून तरी लक्ष ठेवावं लागतं." ताईने त्यावर जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

आणि तरीही ग्लेशियरच्या त्या घाटात, घर खाली कॅम्पग्राउंडवर ठेवून होंडातून निघालो, तेव्हा दाजी एवढे खुशीत होते की कारणाशिवाय रिव्हर्स घेत होते. वाटेत थांबायला जागा दिसली की आत शिरायचं, नाही आवडली तर मागे घ्यायचं, पुन्हा दुसरी शोधायची. ताई म्हणाली, "अहो, आपण घर विकून नुसती ही ठेवली तर?" दाजींनी उत्तर दिलं नाही. मात्र त्या संध्याकाळी त्यांनी घराच्या बाजारभावाची चौकशी केली, हे मला माहीत आहे. फोन माझा वापरला होता.

घर काही विकलं गेलं नाही. घरं अशी विकली जात नाहीत. त्यांची किंमत ऐकून माणसं ती वापरत राहतात. मोटारी मात्र विकल्या जातात, आणि वाचकहो, तिथे तुमचा संबंध येतो. अमेरिकेत नव्याने गेलेली आपली मुलं जुनी मोटार घेताना किती मैल चालली ते बघून भुलतात. पुष्कळ नव्या मोटारींत इंजिन बंद ठेवून ओढताना जे अंतर पडतं, ते मीटरवर चढत नाही. कागदावर चाळीस हजार मैल चाललेली मोटार प्रत्यक्षात दाजींच्या मागून दोनदा मोंटानाला जाऊन आलेली असू शकते. तेव्हा मुलांना सांगा: मीटर बघण्याआधी खाली वाका. पुढच्या बंपरच्या खाली दोन लोखंडी कान दिसताहेत का बघा, किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा. आणि नंबरप्लेटच्या आसपास दिव्यांच्या तारेसाठी एक गोल भोक. दिसले, तर टायर आणि चाकांचे बेअरिंग मेकॅनिककडून तपासून घ्या, भाव पाचशे डॉलरने पाडा, आणि मग खुशाल घ्या. इंजिन बहुधा नव्यासारखंच असेल.